पाटी, परवाना आणि पात्रता

बाजाराच्या रस्त्याने जाताना दुकानांवरच्या पाट्या वाचण्याची आम्हांला जुनी सवय आहे. अशीच एक पाटी अनेक वर्षे आमच्या नजरेसमोर आहे. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘इलेक्ट्रिकल इंजिनियर्स अँड कॉन्ट्रॅक्टर्स’ असे रंगविलेले आहे. दुकानाचे मालक सज्जन आहेत, पण अभियांत्रिकी महाविद्यालयाची पायरी त्यांनी कधी चढलेली नाही, हे ते स्वतःच हसत सांगतात. त्या दुकानापासून चार पावलांवर, चहाच्या टपरीच्या बाकावर, पक्कड आणि टेस्टर ठेवलेली कातडी पिशवी मांडीवर घेऊन एक गृहस्थ कामाची वाट पाहत बसलेले असतात. त्यांच्या खिशात राज्य शासनाने दिलेला परवाना आहे. ‘आपण कोण?’ असे विचारले तर ते एवढेच म्हणतात, ‘मी वायरमन.’ ज्याच्यापाशी कागद नाही त्याने मोठे नाव धारण केले आहे आणि ज्याच्यापाशी कागद आहे त्याने लहान नावावर समाधान मानले आहे! माणसाच्या नावामागे लागणाऱ्या या बिरुदांचा अर्थ तरी काय, हा प्रश्न आमच्या मनात त्या पाटीखाली उभे असताना अनेकदा आला. तो केवळ शब्दांचा प्रश्न नसून नीतीचा प्रश्न आहे, हे मात्र आम्हांला फार उशिरा, आणि आमच्याच घरातल्या एका प्रसंगाने कळले. तो प्रसंग आम्ही पुढे सांगणार आहोत.

प्रथम या व्यवसायातील नावांचा थोडा उलगडा केला पाहिजे. आपल्या राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये, म्हणजे ज्यांना आपण सरसकट आयटीआय म्हणतो त्यांत, विजेचे दोन निराळे व्यवसाय शिकविले जातात. एक वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, आणि दुसरा तारतंत्री, म्हणजे वायरमन. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. देशात ही कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू झाली. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यात प्रत्यक्ष काम करीत शिकण्याची वाट घालून दिली. ही झाली शिक्षणाची बाजू. परंतु शिक्षण संपले म्हणजे हक्क मिळाला असे मात्र नाही. भारतीय वीज नियम, १९५६ यांतील ४५ व्या नियमाने असे ठरविले की, विजेच्या मांडणीचे कोणतेही नवे काम, वाढ, फेरफार वा दुरुस्ती परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हावी. त्या कामावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख असावी आणि ते करणाऱ्या कामगारापाशीही शासनाचा परवाना असावा. दिवा, पंखा, फ्यूज वा बटण बदलण्यासारखी, मूळ मांडणीस धक्का न लावणारी किरकोळ कामे तेवढी यातून वगळली. पुढे १९१० चा जुना वीज कायदा जाऊन २००३ चा कायदा आला. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० मध्ये आणि पुन्हा नव्याने २०२३ मध्ये आले. ही तीन पायऱ्यांची रचना मात्र कायम राहिली.

म्हणजे एका माणसाच्या नावाभोवती तीन निरनिराळ्या गोष्टी गोळा झालेल्या असतात. पहिली, तो काय शिकला याचा दाखला. दुसरी, त्याने काय करावे याची मुभा. आणि तिसरी, लोकांनी त्याला कोणत्या नावाने हाक मारावी याचा मान. दाखला संस्था देते, मुभा शासन देते, मान समाज देतो. आपला सारा गोंधळ या तिन्हींची सरमिसळ केल्याने होतो. ‘वास्तुविशारद’ या नावाला १९७२ च्या कायद्याने कुंपण घातले आहे. नोंदणी नसलेल्याने स्वतःस आर्किटेक्ट म्हणविणे हा गुन्हा ठरतो. ‘इंजिनियर’ या शब्दाला मात्र तसे देशव्यापी कुंपण नाही. म्हणून तो शब्द दुकानाच्या पाटीवर चढतो, लग्नाच्या स्थळात मिरवतो आणि हळूहळू अर्थ गमावतो. उलट ‘वायरमन’ या साध्या शब्दामागे कायद्याने उभी केलेली एक जबाबदारी आहे, हे आपल्या गावीही नसते.

येथे कोणी विचारील की, एवढा खटाटोप विजेच्याच कामाला का? शिंपी परवाना घेऊन कपडे शिवीत नाही आणि आचाऱ्याला लाडू वळण्यापूर्वी परीक्षा द्यावी लागत नाही. याचे उत्तर विजेच्या स्वभावातच आहे. शिंप्याने शिवलेला सदरा अंगाला बसला की नाही हे आपण आरशात पाहू शकतो. सुताराने केलेले दार लागते की अडते हे दार लावूनच कळते. वीजतंत्र्याचे काम मात्र गिलाव्याच्या आड जाते आणि तेथेच राहते. आपण बटण दाबतो, दिवा लागतो आणि आपण म्हणतो, ‘काम झकास झाले.’ परंतु दिवा लागणे हा चांगल्या कामाचा पुरावा नव्हे. बटण फेजच्या तारेऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसविले तरी दिवा लागतो आणि विझतोही. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये २३० व्होल्टची वीज तशीच दबा धरून राहते. फ्यूजमध्ये योग्य तारेच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळली तरी पंखा फिरतो. फक्त संकटाच्या वेळी वितळण्याचे आपले कर्तव्य ती तार विसरते. अर्थिंग मुळीच केले नाही तरी घरातील एकही यंत्र बंद पडत नाही. वाईट काम आणि चांगले काम वर्षानुवर्षे अगदी सारखे दिसते. फरक दिसतो तो एकाच क्षणी, आणि त्या क्षणी तो पाहायला माणूस शिल्लक राहीलच असे नाही.

घरात बसवायच्या गळतीरोधक यंत्राची मर्यादा सामान्यतः ३० मिलिअँपिअर असते. साध्या दिव्यातून वाहणाऱ्या प्रवाहाच्या मानाने हा आकडा अगदी क्षुल्लक. परंतु माणसाच्या छातीतून जाणाऱ्या प्रवाहाची सुरक्षित सीमा त्याच्या आसपास संपते, म्हणून तो निवडला आहे. आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरण पावल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत आढळते. हे सारे मृत्यू वाईट वायरिंगमुळेच होतात असे नव्हे. तथापि ज्या गोष्टीची परीक्षा घेणाऱ्याला करता येत नाही आणि जिची चूक प्राणावर बेतते, तेथे विकत घेणाऱ्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी आधीच परीक्षा घेऊन ठेवली पाहिजे. परवाना म्हणजे ही आधी घेतलेली परीक्षा. तो कारागिराच्या छातीवर लावलेला बिल्ला नव्हे. ज्याला मेगर म्हणजे काय हे ठाऊक नाही अशा गृहिणीला समाजाने दिलेला तो शब्द आहे.

जर्मनीतील एक उदाहरण येथे बोलके आहे. तेथे १९५३ च्या कारागिरी कायद्यानुसार अनेक व्यवसायांत स्वतःचे दुकान थाटण्यापूर्वी ‘माइस्टर’, म्हणजे उस्ताद, ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे. ही अट जाचक आहे, असे म्हणत २००४ साली ५३ व्यवसायांतून ती काढून टाकण्यात आली. विजेच्या कामाला मात्र ती तशीच ठेवली, कारण तेथील चुकीने दुसऱ्याच्या जिवाला धोका पोहोचतो. नावाला कुंपण का घालावे, याची कसोटी म्हणून हा विचार आम्हांला पटतो. कुंपण आतल्यांच्या मिळकतीसाठी असेल तर ते मोडावे. बाहेरच्यांच्या जिवासाठी असेल तर ते राखावे.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. ज्यांच्या हातात विद्या आहे पण खिशात कागद नाही, त्यांचे काय? मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. विद्यापीठाचा उंबरठा त्याने विद्यार्थी म्हणून कधी ओलांडला नाही. १८३१ साली त्याने चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यातून वीज निर्माण होण्याचा जो नियम शोधला, त्याच्यावर आजची जवळजवळ सारी वीजकेंद्रे चालतात. पुढे सरदारकीची पदवी देऊ केली असता त्याने ती नाकारली. साधा फॅरडे म्हणूनच राहणे त्याला आवडले. आपल्या वाड्यांतही असे फॅरडे होऊन गेले. विहिरीवरच्या पंपाची मोटार नुसत्या आवाजावरून ओळखणारे, जळालेली गुंडाळी दिव्याच्या उजेडात रात्रभर बसून पुन्हा भरणारे, केळीच्या बागेला पाणी मिळावे म्हणून भर पावसात निघालेले काका आम्ही पाहिले आहेत. दहावीला गणितात अडले म्हणून ज्यांची शाळा सुटली, त्यांच्या हातांना अडाणी म्हणण्याचे धाडस आम्हांला होणार नाही.

मग त्यांना कायद्याने अनधिकृत ठरविणे हा अन्याय नव्हे काय? आम्ही यावर पुष्कळ विचार केला आणि असे वाटते की, त्यांच्या कौशल्याला नाकारणे हा अन्याय. परंतु त्यांच्याकडून परीक्षेची अपेक्षा करणे हा अन्याय नव्हे. फॅरडेने आपले प्रयोग सर्वांसमोर मांडले, ते इतरांनी करून पाहिले, तेव्हा जगाने त्याचे मानले. तोही परीक्षेतून सुटला नव्हता. फक्त त्याची परीक्षा निराळी होती. अनुभवी कारागिराला तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आपल्याकडे २०१५ पासूनच्या कौशल्य विकास योजनेत केलेली आहे. तारतंत्री व्यवसायाचे दार आठवी उत्तीर्ण मुलालाही उघडे असते. दार अरुंद असेल तर ते रुंद करावे, यासाठी आपण अवश्य भांडावे. मात्र दारच नको असे म्हणणे हे त्या घरातल्या मुलाबाळांशी केलेले वैर ठरेल. आणि एक गोष्ट विसरू नये : कागद नसणे हे खोटेपण नव्हे, नसलेला कागद असल्याचे भासविणे हे खोटेपण.

आता तो प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही घराला दोन खोल्या वाढविल्या. वायरिंगचे काम ओळखीच्या एका हरहुन्नरी माणसाने केले. त्याच्यापाशी परवाना नव्हता. वाढीव वीजभारासाठी अर्ज करायचा तर परवानाधारक ठेकेदाराचा तपासणी अहवाल जोडावा लागतो. ‘सहीचे काय लागतील?’ असे आम्ही विचारले. हा प्रश्न आम्हीच विचारला, दुसऱ्या कोणी नव्हे. त्याने आकडा सांगितला, आम्ही तो मोजला आणि दोन दिवसांत शिक्क्यासह अहवाल हाती आला. त्या ठेकेदाराचे तोंड आम्ही आजतागायत पाहिलेले नाही आणि त्याने आमचे घर पाहिलेले नाही. अहवालात अर्थिंगचा रोध किती ओहम, हेही दशांश चिन्हासह लिहिले होते. आम्हांला तो कागद फार व्यवस्थित वाटला.

पहिल्या पावसात न्हाणीघराच्या नळाला हात लावला की मुंग्या येऊ लागल्या. आमच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, ‘वय झालं, हातांना बधिरपणा आलाय.’ आम्हीही ते मान्य केले. एके दिवशी पंखा दुरुस्त करण्यासाठी एक तरुण मुलगा आला. आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम पूर्ण करून तो उमेदवारी करीत होता. बोलता बोलता नळाची गोष्ट निघाली. त्याने पंखा तसाच ठेवला, आधी गिझर आणि मग मेन स्विच बंद केला आणि विचारले, ‘काका, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?’ आम्हांला सांगता येईना. त्याने बोर्ड उघडला. आत हिरवी तार नीट जोडलेली होती. तो तिच्यामागे गेला. गिलाव्यात वीतभर अंतर जाऊन ती हिरवी तार संपली होती. ती जमिनीला तर सोडाच, कशालाच जोडलेली नव्हती. जी गोष्ट अस्तित्वातच नव्हती, तिचे मोजमाप आमच्या कपाटातल्या कागदावर दशांश चिन्हासह लिहिलेले होते.

आम्ही घाबरून म्हटले, ‘तूच करून दे आता सारे.’ तो मुलगा थोडा संकोचला. म्हणाला, ‘बटण मी बदलून देतो, काका. पण खड्डा आणि नवी वायरिंग माझ्या अधिकारात येत नाही. माझा परवाना अजून झालेला नाही. परवानावाल्याला बोलवा आणि त्यांना स्वतः येऊन मोजायला सांगा. तोवर गिझर लावू नका.’ त्याला चार पैसे अधिक मिळण्याची संधी होती. ती त्याने सोडली. पात्रता म्हणजे काय याची व्याख्या आम्ही अनेक पुस्तकांत वाचली आहे. पण त्या दिवशी ती शिडीवरून खाली उतरून आमच्यासमोर उभी राहिली. आपल्याला काय येते हे पुष्कळांना ठाऊक असते. आपला अधिकार कोठे संपतो हे ज्याला ठाऊक असते आणि जो तेथे थांबतो, तो पात्र.

त्या प्रसंगात चुकले कोण? बिनपरवाना काम करणाऱ्याने अर्धवट काम केले, ही त्याची चूक. न पाहता सही विकणाऱ्याची चूक त्याहून मोठी, कारण त्याच्या सहीला समाजाने वजन दिले होते आणि त्याने ते वजन बाजारात मांडले. अशी सही ही साक्ष असते. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणे म्हणजे काय, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आठव्या आज्ञेपाशी आपण सर्वजण शिकलो आहोत; ती आज्ञा केवळ न्यायालयापुरती आहे असे तेथे कोणी सांगितले नव्हते. परंतु तिसरे चुकलो ते आम्ही. साक्ष विकणारा असतो, कारण ती विकत घेणारा असतो. आपण सचोटीचे आहोत अशी आमची समजूत होती. आम्ही कोणाचे पैसे बुडविले नव्हते. फक्त एक कागद लवकर मिळविला होता, आणि त्याची किंमत मातोश्रींचे हात रोज सकाळी मोजीत होते.

यातून आम्हांला वाटते, बिरुदांविषयीचे आपले दोन दोष एकमेकांस पोसतात. एकीकडे आपण मोठ्या नावांना भुलतो; दुसरीकडे हाताने काम करणाऱ्याच्या खऱ्या नावाला कमी लेखतो. लग्नाच्या बोलण्यात ‘मुलगा आखाती देशात इंजिनियर आहे’ असे ऐकू येते आणि व्हिसावर व्यवसायाच्या रकान्यात ‘इलेक्ट्रिशियन’ असे लिहिलेले असते. त्या मुलाने लपवावे असे त्या शब्दात काय आहे? उन्हात उभे राहून त्याने जोडलेल्या पॅनेलवर एखाद्या रुग्णालयाचे दिवे जळत असतील. तो खोटे बोलत असेल तर त्याला खोटे बोलायला आपण शिकविले आहे, कारण खरे सांगितल्यावर आपला चेहरा पडतो. खऱ्या नावाला मान मिळाला असता तर खोट्या नावाची गरजच उरली नसती, आणि परवान्याला मान मिळाला असता तर त्याची सही एवढी स्वस्त झाली नसती.

मुलाच्या कामाचा मान राखणे हे कसे करावे, याचा धडा एकोणिसाव्या शतकात तुरिन शहरात डॉन बॉस्को यांनी घालून दिला. गरीब मुलांना कारागिरांकडे उमेदवारीस ठेवताना ते मालकाशी लेखी करार करीत. १८५२ सालचा असा एक करार आजही जपलेला आहे. मालकाने मुलाला धंदा नीट शिकवावा, चुकल्यास शब्दांनी समज द्यावी, हात उगारू नये, आणि धंद्याशी संबंध नसलेली कामे त्याच्यावर लादू नयेत, असा त्या काळातील या करारांचा आशय. त्या कागदाने मुलाला मोठी पदवी दिली नाही. तो नोकर नव्हे, शिकणारा आहे, एवढेच त्याने मालकाकडून लिहून घेतले. कागदाचा असाही उपयोग होतो : दुबळ्याच्या बाजूने उभे राहण्याचा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीतील अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. त्या दिवसांत खांबांवर चढलेल्या माणसांना कार्यालयीन भाषेत ‘तंत्रज्ञ’ म्हणतात. गावकरी त्यांना ‘लाइनमन’ म्हणूनच हाक मारतात. नाव बदलल्याने खांबाची उंची कमी होत नाही आणि तारेतील धोकाही. तथापि चांगले नाव देणे हे व्यर्थ असते असेही आम्ही म्हणणार नाही. नाव हे समाजाने दिलेले वचन असते. त्यामागे प्रशिक्षण, हातमोजे, सुरक्षापट्टा आणि योग्य वेतन आले तर ते वचन पाळले जाते, न आले तर ते नुसती पाटी ठरते.

लवकरच आपल्या सणांचे दिवस येतील. मंडप उभे राहतील, पत्र्यांवरून तारा टाकल्या जातील, झाडांवर दिव्यांच्या माळा चढतील आणि त्यांच्याखालून आपली मुले धावतील. तयारीच्या बैठकीत बँड कोणाचा आणि जेवण कोणाचे यावर आपण तासभर बोलतो. या वर्षी आणखी एक प्रश्न विचारावा : वीज कोणाची, त्याचा परवाना कोणता, आणि मोजणी कोणी स्वतः येऊन केली? आणि तो माणूस आला म्हणजे त्याला ‘ए वायरमन’ म्हणून हाक न मारता, त्याचे नाव विचारून, त्याच्या खऱ्या व्यवसायाच्या नावाने इतरांशी ओळख करून द्यावी.

आमच्या घरी आता अर्थिंगचा खड्डा आहे. ठेकेदार स्वतः आले होते. त्यांनी आमच्यासमोर मोजणी केली आणि मगच सही केली. पैसे पहिल्या सहीपेक्षा बरेच अधिक लागले. जुना अहवाल आम्ही फाडलेला नाही. तो कपाटात आहे. सही विकत घेणाऱ्यांत आमचेही नाव होते, याची आठवण राहावी म्हणून तो तेथेच असू द्यावा असे आम्हांला वाटते.